काळा पाषाण, पिवळी हळद: उजेड मोजायला शिकतानाच्या नोंदी

रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

या हिवाळ्यात एकच गोष्ट शिकायची ठरवली आहे: उजेड मोजणं. कॅमेरा जुनाच, निकॉन डी५३००. सोबत आलेली १८-५५ आणि नंतर घेतलेली ३५ एमएम एफ/१.८, एवढ्या दोन लेन्सा. नवीन काही घ्यायचं नाही. विषयही दोनच, आणि दोन्ही सांगलीच्या आसपासचे: देवळांचा काळा पाषाण आणि मार्केट यार्डातली हळद. मुद्दाम हेच निवडले, कारण कॅमेऱ्याचं मीटर या दोन्हींच्या बाबतीत ठरून चुकतं. ते का चुकतं हे हाताला कळायला हवं.

आजचा प्रयोग घरातलाच. गच्चीवर सावलीत पाटा ठेवला, शेजारी पांढरी चादर. ए मोड (लेन्सचं भोक मी ठरवायचं, शटरचा वेळ कॅमेऱ्याने), भोक एफ/८, सेन्सरची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ १००. आधी फ्रेमभर फक्त पाटा, मग फ्रेमभर फक्त चादर. पाट्याला कॅमेऱ्याने १/२५ सेकंद दिलं, चादरीला १/२५०. स्क्रीनवर दोन्ही फोटो शेजारी लावले तर दोन्ही राखाडी, कुठला पाटा आणि कुठली चादर हे फक्त पोतावरून ओळखायचं.

कारण साधं आहे. मीटरला वस्तू कळत नाही, तिच्यावरून परत आलेला उजेड तेवढा कळतो. समोर जे आहे ते मधल्या राखाडीचं आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारं आहे, असं धरून ते हिशेब करतं. काळं दिसलं की त्याला उजेड कमी वाटतो, पांढरं दिसलं की जास्त.

मग कॉम्पेन्सेशन वापरलं, म्हणजे मीटरच्या हिशेबात हाताने केलेली बेरीज-वजाबाकी, स्टॉपांमध्ये (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). पाटा उणे १⅓, चादर अधिक १⅔. पाटा काळा झाला, चादर पांढरी झाली. आणि शटर पाहिलं तर एकीकडे १/६०, दुसरीकडे १/८०. म्हणजे जवळपास तेच! असायलाच हवं, दोघांवर पडणारा उजेड एकच होता. हे आकडे पाहून मला फार आनंद झाला. इतके दिवस पाठ केलेला नियम आज स्वतःहून समोर येऊन उभा राहिला.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

झेंडूचे ढीग, बाजारात सकाळी सात वाजता. केशरी झेंडूच्या पाकळ्यांचा तपशील जातो आणि नुसता रंगाचा गोळा उरतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचा आलेख, मात्र म्हणतो सगळं ठीक. याचं उत्तर हळदीच्या वेळी शोधायचं आहे. आज नोंद एवढीच.

रविवार, २० ऑक्टोबर

हरिपूर. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ. पाऊस नुकताच थांबलेला, घाटाच्या पायऱ्या अर्ध्या ओल्या, अर्ध्या वाळलेल्या. तोच दगड ओला झाला की जवळजवळ एक स्टॉप गडद होतो, पण त्याच वेळी आभाळाची चकाकी अंगावर घेतो. पोलरायझर (लेन्सवर लावायची, चकाकी कापणारी काच) फिरवला की चकाकी उतरते आणि आतला खरा काळा रंग वर येतो. पोलरायझर स्वतः दीड स्टॉप उजेड खातो, तो हिशेब वेगळा.

मला चकाकीसकटचा फोटो जास्त आवडला. ओलं ओलं दिसायला हवं. पूर्ण फिरवलेल्या पोलरायझरने पायरी वाळल्यासारखी दिसते, आणि ते पावसाळी घाटाशी इमान राखणारं नाही. अर्धा फिरवून ठेवणं हा माझ्यासाठी या दिवसाचा निकाल.

रविवार, १० नोव्हेंबर

खिद्रापूर. सकाळी निघून नरसोबाच्या वाडीवरून, कुरुंदवाड मार्गे. कोपेश्वराच्या देवळाबद्दल बाकी काय सांगायचं? शिलाहारांच्या काळात बाराव्या शतकात उभं राहिलेलं, नंतर यादवांनी हात लावलेलं, कृष्णेकाठचं हे काम बघताना माझा तरी कॅमेरा बराच वेळ पिशवीतून निघत नाही. बाहेरून गजथर, आत कातीव खांब, आणि सगळ्यांच्या पुढे स्वर्गमंडप: वर्तुळात उभे बारा खांब आणि डोक्यावर छताला गोल मोकळं आभाळ.

उजेडाचा धडा घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. वरच्या गोलातून ऊन आत येतं आणि लख्ख तुकडा होऊन पडतं. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्याने भर दुपारीही तो तुकडा मधोमध येत नाही, उत्तरेकडे सरकलेला राहतो.

स्पॉट मीटर (फ्रेममधल्या एका ठिपक्यापुरतंच मोजणारं) लावून मोजलं. एफ/८, आयएसओ १००. उन्हातला दगड: १/१२५. मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातला दगड: १ सेकंद. दगड तोच, मंडप तोच आणि फरक सात स्टॉपांचा. एका स्टॉपला उजेड दुप्पट, म्हणजे सात स्टॉपांना १२८ पट.

आता यात निवड आली. मीटरचं ऐकून १/१२५ ठेवलं तर उन्हातला दगड मधला राखाडी होतो आणि बाकी मंडप काळोखात जातो. १/१५ ठेवलं तर उन्हातला दगड तीन स्टॉप वर जाऊन पांढराफटक, पण मागचे खांब हळूहळू दिसू लागतात. कॅमेऱ्याच्या ऑटोने सरासरी काढून साधारण तेच दिलं होतं. मी १/६० वर थांबले. ऊन ऊन वाटतं, जवळच्या खांबांच्या कड्या दिसतात, कोपरे जातात. जाऊ देत. तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा जे जाणवतं ते हेच: मध्ये आभाळ आणि भोवती गडद गारवा. सात स्टॉप सपाट करून सगळं दाखवणारे फोटो मी पुष्कळ पाहिलेत, त्यांत देऊळ दिसतं पण मंडप हरवतो.

एक तपशील जवळून. खांबांच्या मधल्या गोल कड्या इतक्या गुळगुळीत आहेत की त्यांच्यावर गोलातल्या आभाळाची एक उभी, बारीक, निळसर रेघ उमटते. प्रत्येक कडीवर रेघेची जाडी वेगळी, कारण प्रत्येक कडीचा फुगवटा वेगळा. या रेघेवरच खांबाचा गोलपणा उभा आहे. फोटोतली ती रेघ झाकून पाहा, खांब लगेच चपटा होतो.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा (लिहिते आहे शनिवारी)

रात्री पुन्हा खिद्रापूर. या रात्री स्वर्गमंडपाच्या गोलात चंद्र येतो, म्हणून गर्दी होते, पणत्या लागतात. चंद्र नेमका तिथे का येतो याचं गणित आधी घरी मांडलं होतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. नोव्हेंबरच्या मध्यात सूर्य विषुववृत्ताच्या १८ अंशांहून थोडा जास्त दक्षिणेला, म्हणून चंद्र साधारण तेवढाच उत्तरेला, चार-पाच अंश इकडेतिकडे. खिद्रापूरचा अक्षांश १६ ते १७च्या मध्ये. म्हणजे मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र जवळजवळ डोक्यावर. छताला भोक ठेवणाऱ्यांनी हे धरून ठेवलं होतं की नाही, हे मी ठरवू शकत नाही, पण आकाश आणि छत जुळतात एवढं माझ्या वहीत उतरलं.

संरक्षित स्मारकात ट्रायपॉडला परवानगी लागते, त्यामुळे कॅमेरा उताणा जमिनीवर ठेवला, खाली रुमालाची घडी, टायमर दोन सेकंदांचा. माणसं अदबीने वळसा घालून जात होती. एका आजींनी पणती ठेवता ठेवता विचारलं, "बाळा, यात चांदोबा मावतो काय गं?" मावतो, पण केवढा? ३५ एमएमने काढलेल्या सहा हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत चंद्राची थाळी जेमतेम ८०-८५ पिक्सेलांची. मी त्यांना स्क्रीनवर दाखवला. "डोळ्याला तर केवढा दिसतोय," म्हणाल्या. खरंच आहे.

मोजमाप. चंद्रावरचे डाग दिसावेत असं एक्स्पोजर: आयएसओ १००, एफ/८, १/२५०. पणत्यांच्या उजेडातले खांब दिसावेत असं: आयएसओ १६००, एफ/१.८, १/३०. दोन्हींत अकरा स्टॉपांहून जास्त अंतर. एका फोटोत दोन्ही नीट येणं नाही. खांब धरले तर चंद्र नुसता पांढरा ठिपका, चंद्र धरला तर भोवती शाई.

चंद्राचं एक्स्पोजर भर दुपारच्या उन्हातल्या जमिनीसारखंच का, हे अनेकांना कोडं वाटतं. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड आहे, आणि सूर्यापासून तोही जवळपास आपल्याएवढ्याच अंतरावर. रात्र आपल्याकडे आहे, त्याच्याकडे नाही. म्हणून एफ/११ आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं (आयएसओ १०० तर १/१००), ही जुन्या लोकांची सोपी चाल आजही चालते.

आणि आता जे कळलं ते मला मनापासून लिहावंसं वाटतं. चंद्र पांढरा नाही. त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे १२ टक्केच परत येतो, म्हणजे मीटरच्या मधल्या राखाडीहूनही तो गडद. त्यावरचे काळे डाग तर बेसॉल्टचे आहेत. १९६९ साली अपोलो ११च्या लोकांनी जे दगड आणले त्यांत हाच होता, वय साडेतीनशे कोटी वर्षांहून जास्त. आपला दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटींच्या घरातला. मी रात्री काळ्या पाषाणाच्या मंडपात बसून काळ्या पाषाणाकडेच बघत होते, आणि एक काळा दिसत होता, दुसरा चांदीचा. शेजारी काय आहे यावर सगळं. काळ्या आभाळात १२ टक्केही लखलखतात.

मग फोटोत चंद्र किती उजळ ठेवायचा? मी दोन वेगळे फोटो ठेवले. जोडून एक केला नाही. जोडणाऱ्यांशी भांडण नाही, पण या वहीत मला मोजलेलं मोजल्यासारखं हवं आहे.

रविवार, ८ डिसेंबर

रॉ फायली (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले कच्चे फोटो) संगणकावर धुतल्या. खिद्रापूरचा १/६० वाला फोटो: सावल्या एका स्टॉपने उचलल्या, त्यापुढे गेलं की दाणे आणि जांभळट छटा. पाषाणाचा रंग तपासला. निव्वळ राखाडी तो कधीच नसतो. सावलीत आभाळाचा निळा धरतो, उन्हात किंचित तपकिरी. दोन्ही ठेवले.

रविवार, १९ जानेवारी २०२५

तिरपा उजेड. टाकी लावून घेतलेला पाटा, खोलीत अंधार, हातात साधी विजेरी. विजेरी समोरून धरली की पाटा सपाट. बाजूला, दगडाच्या पातळीला जवळजवळ टेकवून धरली की प्रत्येक टाक्याची एक कड उजळते, दुसरी सावली टाकते. दहा-पंधरा अंशांवर सर्वांत जास्त. त्याखाली गेलं की शेजारची कड पुढच्या टाक्याला झाकते.

याचा उपयोग शिलालेखांना. खिद्रापूरला दक्षिण दाराजवळ यादव सिंघणाचा शके ११३६चा संस्कृत लेख आहे, देवनागरीत. झिजलेली अक्षरं दुपारी वाचता येत नाहीत आणि ऊन तिरपं झालं की दगडातून वर येतात. हात लावायचा नाही, खडू-पीठ तर अजिबात फासायचं नाही. अक्षरं उठावीत म्हणून जुन्या लेखांवर खडू घासलेला मी ठिकठिकाणी पाहिला आहे आणि फार वाईट वाटतं. बाजूने आलेला उजेड तेच काम दगडाला न दुखवता करतो. वेळ निवडा, तेवढं पुरे.

एक बारकावा: उजेड डावीकडून-वरून घेतला की कोरलेली अक्षरं खोल दिसतात. उजवीकडून-खालून घेतला की काहींच्या डोळ्याला तीच उठावाची वाटतात, कारण उजेड वरून येतो हे आपण धरूनच चालतो. लेखाच्या फोटोत म्हणून डावीकडून-वरून.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

यार्डात नवीन हळद येऊ लागली आहे. मी अडत दुकानात हिशेब बघते, त्यामुळे सौद्यांच्या वेळी तिथे असतेच. मालकांना विचारून जेवणाच्या सुट्टीत कॅमेरा काढला. हमालांपैकी ज्यांची तयारी होती त्यांचेच फोटो, बाकी नुसती हळद.

हळकुंड बाहेरून मळकट पिवळं, धुळकट. खरा रंग आत. घेणारा पोत्यात हात घालतो, एक हळकुंड काढतो, मोडतो आणि मोडलेली बाजू उजेडाकडे धरतो. कट्कन आवाज येतो. आत गडद केशरी, मधोमध थोडा वेगळा गाभा, कडेला बारीक फिकट वर्तुळ. भाव बऱ्याच अंशी या एका नजरेवर. त्यामुळे इथे रंग चुकवून चालत नाही. ज्यांचं पोट या रंगावर आहे ती माणसं शेजारी उभी असतात.

मोडलेल्या हळकुंडाचा जवळून फोटो. मीटर म्हणेल ते एक्स्पोजर. पांढरा हिस्टोग्राम मधोमध, सुरक्षित. तरी केशरी भाग गुळगुळीत प्लॅस्टिकसारखा. मग तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे उघडले आणि दसऱ्याच्या झेंडूचं कोडं सुटलं. लाल चॅनेल उजव्या भिंतीला जाऊन आदळलेला, हिरवा मध्यावरून थोडा पुढे, निळा डाव्या कोपऱ्यात. संगणकावर आकडे पाहिले (० म्हणजे काहीच नाही, २५५ म्हणजे पूर्ण भरलेला): लाल २५५, हिरवा १७०च्या आसपास, निळा १०च्या खाली. लाल तर वरच चिकटल्याने त्याच्यातला चढउतार संपला, आणि पोत तिथेच होता. एकत्र हिस्टोग्राम बहुतेक हिरव्याचं ऐकतो, म्हणून त्याला हे दिसलं नाही.

उपाय: उणे ⅔, आणि पिक्चर कंट्रोल (रंग किती भडक ते ठरवणारी कॅमेऱ्यातली सोय) भडक व्हिव्हिडवरून साध्या न्यूट्रलवर. रॉ घेतानाही न्यूट्रल ठेवावा, कारण कॅमेऱ्यावर दिसणारा हिस्टोग्राम जेपेगचा असतो. आता लाल २३५च्या जवळ थांबला आणि तंतू दिसायला लागले.

पण स्क्रीनवर तो फोटो गडद दिसत होता. शेजारी पोतं शिवत बसलेल्या मामांनी वाकून पाहिलं. "ताई, ह्यो रंग आपल्या हळदीचा न्हवं. ही जुनी हळद वाटतीया." त्यांना मी तेच हळकुंड दाखवलं. त्यांनी ते घेतलं, पत्र्याखालून बाहेर आले, उघड्यावर धरलं. "हितं बगा." बरोबर होतं! पत्र्याखाली ट्यूबलाइट आणि छतातल्या हिरवट प्लॅस्टिक शीटचा उजेड मिसळत होता. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की कुठलाच व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणं) दोघांना पुरत नाही. सौदे करणारी माणसं हळकुंड घेऊन दाराकडे जातात ते यासाठीच. मी ते रोज बघत होते.

पुढचे सगळे फोटो दारातल्या सावलीत, उघड्या आभाळाच्या उजेडात, आधी रंग जुळवायला राखाडी कार्डाचा एक. मामांनी ते पाहून मान हलवली: "आत्ता आली बगा."

रविवार, २३ फेब्रुवारी

हळदीचा फोटो कृष्णधवल करून पाहिला, एकेका चॅनेलने. लाल चॅनेलमधून हळद जवळजवळ पांढरी, पिठासारखी. हिरव्यातून मधली राखाडी. निळ्यातून काळी. अगदी पाट्याइतकी काळी. हळदीतलं करक्युमिन निळा उजेड शोषून घेतं, परत काही येत नाही.

हे बघितल्यावर जुने फोटो आठवले. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते, त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. त्या काळच्या कोलोडियनच्या (फिल्मच्या जागी वापरायच्या, रसायन लावलेल्या) काचांना निळा-जांभळा उजेड तेवढा कळे, पिवळा आणि लाल जवळजवळ नाहीच. म्हणजे त्या काचेवर निळं आभाळ कोरं पांढरं यायचं आणि हळद, कुंकू काळं. त्या फोटोंतले कपाळावरचे गडद मळवट आणि रिकामी आभाळं पाहताना आता हे मनात ठेवते. त्यांच्या समोर रंगीत जग होतं. काच त्यातलं ठरावीकच घेत होती आणि बाकीचं त्यांना आधीच मनाशी धरून चालावं लागत होतं. नारायण दाजींना काच तयार करून, ओली असतानाच फोटो घेऊन, लगेच धुवावी लागे, मुंबईच्या उकाड्यात. हातात इतकं कमी असताना त्यांनी जे काढलं त्याबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे.

पाषाणावरही हाच प्रयोग केला. तिन्ही चॅनेल जवळपास सारखे. दगडाला रंगाची बाजू नाही, त्याला फक्त कमी-जास्त आहे. म्हणून दगड कृष्णधवल छापायचा आणि हळद रंगीत.

शनिवार, ८ मार्च

प्रिंट. आधी चाचणीची पट्टी: ०, ५, १०, १५ असे ५० पर्यंतचे काळे चौकोन शेजारी शेजारी, मॅट आणि ग्लॉसी दोन्ही कागदांवर. स्क्रीनवर सगळे वेगळे दिसतात. ग्लॉसीवर १०च्या खालचे एकमेकांत मिसळले, मॅटवर २०च्या खालचे. म्हणजे मॅटवर मंडपाचा फोटो तसाच छापला तर कोपऱ्यांच्या आधीचे खांबही जाणार.

तरीही मॅटच घेणार, कारण ग्लॉसीवर खोलीतल्या दिव्याची चकाकी येते आणि पाषाण पाषाण वाटत नाही. मंडपाच्या फोटोतले ८ ते २०मधले खांब २२च्या वर उचलले, कोपरे होते तिथेच राहू दिले. सांगलीतल्या लॅबवाल्या दादांनी पट्टी ठेवून घेतली, दुसऱ्यांनाही दाखवतो म्हणाले.

हळदीची प्रिंट ८ बाय १२, मामांसाठी. दारातल्या उजेडात हळकुंडाशेजारी धरून पाहिली: प्रिंट किंचित लालसर. पुढच्या प्रतीला पिवळा थोडा वाढवून लॅबला सांगितलं आहे, सोमवारी मिळेल. शिलालेखाची प्रिंट राहिली. लेखाचा फोटो काढायचा तर मार्चचं ऊन फार लवकर वर चढतं, सकाळी आठच्या आत पोचायला हवं.